पंचनामा झाला, आता वाडीत दुसऱ्यांदा या

प्रति,
महसूल व कृषी विभागाचे अधिकारी, आणि वादळानंतर कोकण किनाऱ्यावर पंचनाम्याला येणारे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक

विषय: नारळ-सुपारीच्या वाड्यांचे दुसरे आणि तिसरे पंचनामे

साहेब,
स. न. वि. वि.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर, झोत 130 पर्यंत. मुरूडपासून हरिहरेश्वरपर्यंत, आणि बाणकोटची खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णैपर्यंतची आगरे, म्हणजे नारळ-सुपारीच्या वाड्या, दोन-तीन तासांत आडवी झाली. रस्त्यावरचे ओंडके बाजूला झाले तसे तुमचे लोक पोचले. करोनाची टाळेबंदी, फोन मुके, वीज नाही, तरी पडलेल्या माडांवरून (नारळाच्या झाडांवरून) चढउतार करत पंचनामे झाले. त्या माणसांबद्दल या पत्रात तक्रारीचा एक शब्द नाही. आमचे म्हणणे पंचनामा एकदाच होतो याबद्दल आहे. घर कोसळले की ते त्या दिवशी कोसळते, आठ दिवसांनी मोजले तरी आकडा तोच येतो. वाडी मात्र पुढची तीन-चार वर्षे पडतच राहते, आणि ते पडणे कुठल्याच कागदावर चढत नाही.

फळबागेच्या नुकसानीचा सरकारी विचार आंबा-काजू डोळ्यापुढे ठेवून होतो. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून धुमारा फुटतो, झाड छाटून, मलम लावून उभे करता येते. त्याला ‘अंशतः नुकसान’ म्हणणे बरोबर आहे. माड आणि पोफळ (सुपारीचे झाड) यांना जगायला एकच जागा असते, ती म्हणजे शेंड्यातला कोंब. खोड मधूनच मोडले तर खाली तीस फूट हिरवेगार खोड उभे दिसले तरी ते झाड मेलेले आहे. तिथून काही फुटत नाही. तेव्हा मोडलेली पोफळ ‘अंशतः’ या रकान्यात कधीच जाता कामा नये. आणि उभा असलेला माड ‘नुकसान नाही’ या रकान्यात पहिल्याच फेरीत टाकायची घाई करू नये, कारण त्याचा शेंडा पिळवटला असेल तर खालून ते कळत नाही. वर चढावे लागते. म्हणून पहिली साधी विनंती: पंचनाम्याला येताना गावातला एक पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडणारा, बरोबर घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी खर्चात धरा. दुर्बिणीने, ड्रोनने जे दिसत नाही ते त्याला हात लावून सांगता येते.

आता मापाचा प्रश्न. वाडी गुंठ्यात असते आणि मदत हेक्टरात येते. बहुवार्षिक पिकांसाठी आपत्ती निधीचा दर हेक्टरी 18,000 रुपये होता. निसर्गनंतर राज्याने तो 50,000 केला, 2 हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला मोठी रक्कम. पण हेक्टरात साधारण 99 गुंठे बसतात, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 505 रुपये, आणि दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत 2.7 मीटर अंतराने लावलेल्या एकशेचाळीसच्या आसपास पोफळी असू शकतात, मधून माड, माडाखाली केळी, पोफळीवर चढवलेली मिरी, कुंपणाला जायफळ. जुन्या आगरांत तर लागवड याहून दाट. पुढे झाडावर हिशेब करायचे ठरले, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. दिशा बरोबर होती, त्याबद्दल आभारच. पण 250 रुपयांत पडलेला माड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीही भागत नाही. नारळ विकास मंडळाच्या विमा योजनेत 4 ते 15 वर्षांच्या माडाची विमा रक्कम 900 आणि 16 ते 60 वर्षांच्या माडाची 1,750 रुपये धरलेली होती. एकच माड, दोन सरकारी कागद आणि दोन किमती. यातली कोणती खरी, हे एकदा ठरवून टाकावे.

किमान 33 टक्के नुकसान असेल तरच मदत, ही अटही क्षेत्रावर न लावता वाडीतल्या झाडांवर लावा, आणि तीही पहिल्या एकाच मोजणीवर नको. शंभर पोफळींतल्या तीस गेल्या तर कागदावर तो माणूस बाहेर राहतो. प्रत्यक्षात उरलेल्या सत्तरांची सावली गेलेली असते, आणि त्याचा हिशेब दीड वर्षाने लागतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसऱ्या पंचनाम्याला आश्विनात या, पाऊस ओसरला की लगेच. तेव्हा दोन गोष्टी दिसतात ज्या जूनमध्ये दिसत नाहीत.

पहिली म्हणजे कोंब कुजणे. वादळाने शेंडा पिळला की मधल्या न उघडलेल्या पानाच्या बुडाशी चिरा पडतात. वरून चार महिने पाऊस कोसळतो, चिरांत पाणी साठते आणि बुरशी शिरते. बाहेरच्या झावळ्या हिरव्याच राहतात, त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला माड वाचला असे वाटते. पाडेल्याने वर जाऊन मधला कोंब धरून हलकेच ओढला आणि तो हातात आला, बुडाला तपकिरी चिखल आणि नाक फिरवायला लावणारा वास असला, की ते झाड गेल्यातच जमा. लवकर सापडले तर वाचते. कुजलेला भाग धारदार कोयत्याने स्वच्छ काढायचा, त्यावर दहा टक्के बोर्डो मलम लावायचे आणि नवा कोंब दिसेपर्यंत पाऊस लागणार नाही असे झाकायचे. आजूबाजूच्या माडांवर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करायची. एक टक्क्याला मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो आणि पाणी 100 लिटर. मलमाला तेच दोन्ही एकेक किलो, पाणी फक्त 10 लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचे, लोखंडी बादली वापरायची नाही. तयार मिश्रणात कोयत्याचे पाते मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. नाहीतर मिश्रण कोवळ्या भागाला भाजते आणि औषधानेच झाड मारल्यासारखे होते. वादळानंतर मोफत वाटायचे असेल तर ताडपत्रीबरोबर मोरचूद आणि चुना वाटा. तेही जूनमध्ये, ऑक्टोबरात नव्हे.

दुसरी गोष्ट गेंड्या भुंगा, आणि हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित विषय आहे. हा भुंगा कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो. वादळाने त्याला एका दुपारीत हजारो खोडे पुरवली. अंड्यातून अळी, अळीतून भुंगा व्हायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे जूनमध्ये पडलेल्या खोडांतून बाहेर पडणारी पिढी पुढच्या वर्षी उडते, नेमकी तेव्हा जेव्हा वाडीत नवी रोपे लागलेली असतात. भुंगा कोंबात बीळ करतो आणि आतले कोवळे पान कुरतडतो. ते पान उघडते तेव्हा दोन्ही बाजूंनी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे दिसते. मोठा माड हे सोसतो, दोन-तीन वर्षांचे रोप मरते. शिवाय त्या बिळातून आणि वादळाच्या जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो. तो खोडच पोखरतो, आणि खोडाच्या भोकातून तांबूस चोथा आणि चिकट रस बाहेर आलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर उपाय ठाऊक आहेत आणि स्वस्तही आहेत. शेंड्यातल्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड 250 ग्रॅम तेवढ्याच वाळूत मिसळून भरायची, वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर, डिसेंबर. बिळातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढायचा. शेणखताच्या खड्ड्यात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी सोडायची. गंधसापळे लावायचे, पण एकट्याच्या वाडीत नको, सगळ्या आळीतल्या लोकांनी मिळून लावावेत. एकानेच लावला तर शेजाऱ्यांचे भुंगे आपल्याकडे बोलावून घेतल्यासारखे होते. मात्र हे सगळे करूनही मूळ अंडीघर वाडीत पडून असेल तर व्यर्थ आहे. ते अंडीघर म्हणजे पडलेली खोडे.

ही खोडे हलवणे हेच वादळानंतरचे पहिले काम आणि हीच पहिली मदत असायला हवी. साठ फुटी ओल्या माडाचे खोड टनाच्या आसपास भरते. आमच्या वाड्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेला, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत, पाटांच्या जाळ्यात असतात. तिथे जेसीबी आत घालायचा तर आधी गडगा फोडावा लागतो, आणि आत गेलेला जेसीबी पाट, डोण (पाण्याची कुंडी) आणि उरलेल्या पोफळींची वरच्या थरातली मुळे चिरडूनच बाहेर येतो. हे काम साखळी-करवत आणि माणसे यांचेच आहे. माडाच्या खोडाची बाहेरची कड लोखंडासारखी कडक आणि आतला गाभा भुसभुशीत. साखळीची धार भराभर जाते. म्हणून करवत देताना सुट्या साखळ्या, कानस आणि तेल त्याबरोबर द्या. नुसते यंत्र दिले तर ते दुसऱ्या दिवसापासून ओटीवर पडून राहील.

खोड चार-पाच फुटांचे तुकडे करून थांबू नये. उभे चिरावे. चिरलेले सुकते, अखंड ओंडका आतून कुजत राहतो आणि भुंग्याला नेमके तेच हवे असते. जुन्या माडाची बाहेरची कड वासे, खांब, गोठ्याचे आढे यांना चालते, पण गाभा चालत नाही. अनेक घरांची कौले आणि वासे त्याच वादळात गेलेले असतात, तेव्हा गावात महिनाभर फिरते चिरणी यंत्र ठेवले तर पडलेला माडच घरावर चढेल. पोफळीच्या खोडाच्या फाळक्यांचे पन्हळ आणि रीप होतात, हे सांगायला नको. बाकीचे जमिनीपासून उचलून रचायचे, झाकायचे आणि दिवाळीनंतर जाळायचे. पावसाळ्यात जाळू म्हणणाऱ्याने एकदा जाळून दाखवावे. खोड मातीआड करून वर रोप लावण्याचा शॉर्टकटही दिसतो. त्याने भुंग्याचे बाळंतपण रोपाच्या मुळाशीच होते.

उन्मळलेला मोठा माड दोरखंडाने पुन्हा उभा करायचे प्रयत्न होतात. भावना कळते, पण मोठा माड तसा लागत नाही. तीन-चार वर्षांचे कललेले रोप मात्र पहिल्या आठवड्यातच सरळ करून, बुंध्याला भर घालून, तीन बाजूंनी ताण दिला तर लागते. जरा कललेला मोठा माड ओढू नये. त्याच्या उघड्या मुळांवर माती चढवावी, बुडातून नवी मुळे सुटतात. पंचनाम्यात असा माड ‘निरीक्षणाखाली’ असा वेगळा लिहा. आज असा रकाना नाही, आणि मग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर तो जिवंत तरी ठरतो किंवा मेलेला तरी.

तिसरा पंचनामा दीड वर्षाने. पोफळ हे सावलीतले झाड आहे. शेजारचा माड, पश्चिमेची उंडी-सुरूच्या झाडांची ओळ गेली की जन्मभर सावलीत वाढलेले तिचे खोड उघडे पडते. पावसाळा संपल्यावर सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि दुपारचे ऊन नैर्ऋत्येकडून थेट खोडावर पडते. आधी त्या बाजूला पिवळट-सोनेरी डाग दिसतो, मग तपकिरी होतो, मग उभी चीर पडते. चिरेत बोट घातले तर आतले तंतू सुटे झालेले लागतात. पलीकडची बाजू शाबूत असते, पोफळ फळही देते, आणि एखाद्या साध्या वळवाच्या वाऱ्यात नेमकी त्या चिरेवर मोडते. कागदावर ती निसर्ग वादळात पडलेली नसते. उपाय अगदी घरचा आहे: पहिल्याच ऑक्टोबरात खोडाच्या दक्षिण-नैर्ऋत्य बाजूला चुन्याचा दाट हात द्यायचा, किंवा गळलेल्या विऱ्या (पोफळीच्या झावळीची रुंद बुडे) खोडाला बांधायच्या. विऱ्या फुकट असतात, लागतात ती माणसे. रोजगार हमीतून हे काम का धरता येऊ नये?

उभ्या राहिलेल्या माडांचे उत्पन्नही तिसऱ्याच फेरीत कळते. माडाची पोय (फुलोरा) उघडण्याच्या साधारण 32 महिने आधी आत घडायला लागते आणि फुलल्यापासून नारळ तयार व्हायला आणखी वर्ष जाते. सगळे मिळून 44 महिने. जून 2020 चा धक्का खाल्लेल्या माडाचा परिणाम हिशेबाने फेब्रुवारी 2024 च्या काढणीपर्यंत दिसू शकतो. माडाला महिन्याला साधारण एक पान येते. वादळाने शेंड्यावर दहाच झावळ्या ठेवल्या असतील तर तीस व्हायला वीस महिने लागतात, आणि झावळी नाही तिथे पोयही नाही. ‘झाड उभे आहे, नुकसान शून्य’ असे लिहिताना एवढे ध्यानात असावे.

रोपांबद्दल. वादळानंतर सगळ्यांना एकदम रोपे हवी असतात आणि रोप एकदम तयार होत नाही. नारळाचे रोप रोपवाटिकेत 9 ते 12 महिने घेते, त्याआधी उगवणीचा काळ वेगळा. सुपारीचे चांगले रोप दीड वर्षाचे, पाच पाने झालेले, बुटके आणि बुंध्याला जाड. उंच, लांबोडके रोप दिसायला बरे, लावायला वाईट. म्हणजे आजची मागणी भागवणारे बी दीड वर्षापूर्वी पेरलेले असायला हवे. ते नसते, मग ट्रक येतात, आणि ट्रकमध्ये काय जातीचे आहे ते सात-आठ वर्षांनी कळते. श्रीवर्धनच्या रोठ्याला (तिथल्या सुपारीला) जो भाव आहे तो त्याच्या पांढऱ्या, भरीव गाभ्यामुळे. तिथे भलत्याच जातीची पोफळ लागली तर एक पिढी फुकट जाते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘श्रीवर्धनी’ ही सुपारीची निवड आहे, रत्नागिरीजवळच्या भाट्याला नारळाचे संशोधन केंद्र आहे. पण त्यांनाही बियाणे मातृवृक्षांतूनच, म्हणजे बियाण्यासाठी निवडलेल्या उत्तम झाडांतूनच, आणावे लागते, आणि मातृवृक्षही वादळात पडतात. म्हणून पहिल्याच पंचनाम्यात पडलेली झाडे मोजताना उभी राहिलेली उत्तम झाडेही टिपा आणि त्यांच्या खोडाला चुन्याचा पट्टा मारा. माडाची कसोटी सोपी आहे: वय 25 च्या वर, डोक्यावर तीस किंवा जास्त झावळ्या, वर्षाला शंभरच्या पुढे नारळ. वादळातून वाचला, हा त्याचा चौथा गुण.

लागवडीचा क्रम उलटू नये. उघड्या पडलेल्या वाडीत पोफळीचे रोप लावणे म्हणजे ते भाजणे. आधी केळ आणि कडेची उंडी-सुरू, त्याच पावसाळ्यात माड एक मीटरच्या खड्ड्यात साडेसात मीटर अंतरावर, आणि पोफळ पुढच्या वर्षी, केळीची सावली झाल्यावर. अनुदान मात्र मार्चअखेर लागवड पूर्ण दाखवा म्हणते. मग लोक लावतात, फोटो देतात आणि एप्रिलात रोप सुकते. लागवडीचे अनुदान दोन टप्प्यांत, दोन पावसाळ्यांवर द्या.

दोन गोष्टी थोडक्यात. एक, पंपाची वीज. घरांची लाइन आधी जोडणे रास्तच आहे, पण पोफळीला नोव्हेंबर-डिसेंबरात सात-आठ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी आणि मार्चपासून तीन ते पाच दिवसांनी पाणी लागते, प्रत्येक पाळीला झाडामागे पावणेदोनशे लिटर. तेव्हा शेतीपंपांच्या लाइनला दसऱ्याची मुदत घाला. दोन, सातबारा. वाडी आजोबांच्या नावावर, सहहिस्सेदार अकरा, त्यातले सात मुंबईत, दोन वारलेले. संमतीपत्र गोळा होईपर्यंत मदतीचा हप्ता परत जातो. जो वाडी शिंपतो त्याच्या नावाने, बाकीच्यांच्या हरकतीला मुदत ठेवून, पैसे सोडता येतील का ते पाहावे. 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर आहे. तिच्यात क्षेत्राबरोबर झाडांची संख्या दर वर्षी नोंदवून घेतली तर वादळानंतर ‘किती होती’ यावर वाद राहणार नाही. 2009 च्या नोव्हेंबरात फयान, 2020 च्या जूनमध्ये निसर्ग, 2021 च्या मेमध्ये तौक्ते. मोजणीला शांत वर्ष मिळेल तेवढ्यात ती करून ठेवावी.

दुसऱ्या फेरीला येताना सकाळी या, संध्याकाळी वाडीत अंधारल्यासारखे होते आणि खोडावरचे डाग ओळखू येत नाहीत. नैर्ऋत्येला तोंड असलेली बाजू पाहायची तर झाडाला पूर्ण फेरी घाला. जुना पंचनामा बरोबर आणा, झाडांना चुन्याने घातलेले आकडे पावसात पुसले असतील, तेव्हा ऑइलपेंटचा डबा आणि ब्रशही. शिडी आमच्याकडे आहे.

आपले,
किनाऱ्यावरचे वाडीवाले